घाटमाथ्यावरची सलामी

माणूस लाजला की खाली बघतो, हा पायी चालणाऱ्यांचा नियम झाला. हंबीरराव फडतरे ड्रायव्हर होता. सातारा ते वडूज सर्विस मोटार हाकताना तो खाली बघू लागला असता, तर गाडीभर माणसं, त्यांची गाठोडी, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि एखादी सासरी निघालेली नवरी, सगळं एकदम ओढ्यात गेलं असतं. म्हणून हंबीरराव लाजला की वर बघायचा. गाडीत असला तर टपाकडं, घरात असला तर आढ्याकडं. वर बघूनही गाडी ओढ्यात जाऊ शकते. पण निदान ड्रायव्हर देवाचं नाव घेतोय, असं तरी लोकांना वाटतं.

बरीच वर्षं त्याला असं वर बघायची वेळच आली नव्हती. ती आली लढाई संपल्यावर, वर्धनगडच्या घाटमाथ्यावर, भर तिन्हीसांजेला. आणि अशी आली, की पुढं कित्येक दिवस त्याची मान खाली यायला तयार होईना.

हंबीरराव वडूजजवळच्या एका वाडीचा. मिसरूड फुटायच्या आत फौजेत गेला, तिथं मोटार शिकला आणि लढाई लागल्यावर मिसरच्या वाळवंटात फौजेच्या लॉऱ्या चालवू लागला. त्या लॉऱ्यांना दिवे होते, पण ते लावायचे नव्हते. वर विमानं घिरट्या घालत. एका दिव्यापायी अख्खा तांडा उडाला असता. एकामागून एक लॉऱ्या अंधारात सरकत राहायच्या. प्रत्येकीच्या मागच्या आसाला पांढरा रंग फासलेला आणि त्यावर काजव्याएवढा दिवा. मागच्या ड्रायव्हरनं त्या पांढऱ्या ठिपक्यावर डोळे रोवून चालायचं. थोडक्यात, हंबीररावानं ऐन उमेदीची वर्षं लॉऱ्यांची बुडं बघण्यात घालवली. एकदा चुकून त्याचा हात दिव्याच्या खटक्याकडं गेला, तर शेजारच्या हवालदारानं मनगटावर असा फटका हाणला, की पुढं साताऱ्यात आल्यावरही खटक्याला हात लावताना त्याचं मनगट एकदा कुरकुरायचं.

लढाई संपली. हंबीरराव घरी आला, तो खाकी टोपी, एक भरघोस मिशी आणि दिवे लावायची दाबून ठेवलेली हौस घेऊन. साताऱ्याच्या गोपाळकृष्णपंतांनी त्याला आपल्या मोटारीवर ठेवून घेतलं. पंत म्हणजे काळी टोपी, पांढरंशुभ्र धोतर आणि पेट्रोलच्या वासावरून टाकीत किती उरलंय ते सांगणारं नाक. यंत्रातलं त्यांना काही कळत नसे, पण माणसातलं बरंच कळे. आणि कळलेलं ते लगेच बोलत नसत, ही त्यांची सर्वांत त्रासदायक खोड होती.

पहिल्याच दिवशी दुपारची गाडी घेऊन हंबीरराव निघाला. कोरेगाव मागं पडलं. वर्धनगडचा घाट गाडीनं एखाद्या दमेकऱ्यासारखा चढला. माथ्यावर तिला पाणी पाजलं, वाफा निवल्या, माणसं पुन्हा आत चढून बसली. दिवस मावळला होता. हंबीररावानं टोपी सारखी केली, मनगट कुरकुरलं, त्यानं खटका ओढला.

दोन्ही दिवे लागले. समोरचा धुळकट रस्ता सोन्यासारखा उजळला. एवढ्या वर्षांनी आपल्या हातानं, कुणाच्या बापाला न भिता लावलेले दिवे! हंबीररावाला अगदी भरून आलं. त्यानं सहज डोक्यावरच्या आरशात पाहिलं.

मागची सगळी गाडी हात जोडून बसली होती.

म्हातारे, म्हाताऱ्या, पागोटेवाले, टोपीवाले, सगळे. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचे ओठ हलतायत, आणि सगळ्यांचे हात आरशातून थेट हंबीररावाकडं रोखलेले. त्याला काही सुचेना. घाट नीट चढवला म्हणून असेल? का लढाईवरून जिवंत आला म्हणून? काही असो, समोरच्यानं सलाम केला की तो परतवायचा, एवढं फौजेनं त्याच्या हाडात मुरवलं होतं. त्यानं पाठ ताठ केली आणि टोपीला हात लावून खाडकन सलामी दिली.

आता कुणी विचारेल, की इतकी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात कशी आली नाही? त्याच्या घरात काय तिन्हीसांजेला दिवा लागत नव्हता? लागत होता. त्याची आई हात जोडत होती, तोही लहानपणी जोडत होता. पण तो दिवा निराळा. त्याला तेल, वात, कोनाडा. मोटारीच्या पुढं जे असतं ती बत्ती. तिला तार, बॅटरी आणि काच. ती काच हंबीरराव रोज सकाळी फडक्यानं पुसायचा, वर थुंकायचाही. जिच्यावर आपण थुंकतो तिला कुणी हात जोडेल, हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

आणि प्रवाशांच्याही मनात काही शंका आली नाही. दिवा लागला, आपण हात जोडले. ड्रायव्हर फौजेतला, त्यानं फौजेच्या रीतीनं दिव्याला सलाम केला. लय भाविक माणूस, असं ते आपसात म्हणत.

असा दोन्हीकडून चोख गैरसमज जमला, आणि तो पुढं कित्येक महिने रोज संध्याकाळी नेमानं साजरा होऊ लागला.

हंबीररावाला त्याची चटक लागली. घाटमाथा जवळ आला की तो मिशीवरून हात फिरवी. उन्हाळ्यात एकदा घाई करून त्यानं सूर्य डोंगराच्या वर असतानाच दिवे लावले आणि आरशात पाहिलं, तर मागं सगळे खुशाल शेंगा खात बसलेले. 'आज गाडीत नाठाळ माणसं भरलीत,' असं म्हणून त्यानं तो विषय मिटवला, आणि दुसऱ्या दिवसापासून जरा दमानं, अंधार दाटू दिल्यावर दिवे लावायला सुरुवात केली. सलामी पुन्हा सुरू झाली. माणसांना आपली कदर करायला थोडी सवड द्यावी लागते, हे त्याला त्यातून कळलं. चुकलेल्या माणसाला पुरावे कितीही द्या, तो आपल्या सोयीचा धडा त्यातून काढतोच.

बाकी दिव्यांच्या बाबतीत हंबीररावाचा हात धरणारा दुसरा ड्रायव्हर त्या रस्त्याला नव्हता. समोरून बैलगाडी आली की तो लांबूनच वेग कमी करी, दिवे मालवून गाडी कडेला उभी करी आणि बैल निघून गेले की पुन्हा दिवे लावी. कारण मोटारीचा झोत डोळ्यांत गेला की बैल बुजतात आणि गाडीवान झोपलेला असला तर गाडीसकट शेतात उतरतात. गाडीतल्या म्हाताऱ्या ओरडायच्या, "आवं, तिन्हीसांजेचा लावलेला दिवा मालवू नगासा!" त्या अंधाराला भितात, असं हंबीरराव समजायचा आणि मोठ्या मायेनं म्हणायचा, "मी हाय न्हवं? मग कशाला भ्यायचं?"

पंतांचा दुसरा ड्रायव्हर गुंडा. तो सांगलीकडचा, बोलताना एखादा कानडी शब्द सहज घुसडणारा, आणि दिव्यांच्या बाबतीत अगदी उलट्या काळजाचा. तो समोरून आला की दोन सूर्य एकदम उगवायचे आणि अंगावरून गेल्यावरच मावळायचे. बैल असो, सायकल असो, नवरदेव असो, तो खटक्याला हात लावायचा नाही. "ज्यानं त्यानं आपापले डोळे मिटावे," असं त्याचं म्हणणं.

हंबीररावानं सलामीची हकीकत पहिल्यांदा सांगितली ती बायकोला, रंगूबाईला. ती चुलीपुढं बसली होती.

"मी दिवे लावले की समदी गाडी हात जोडतीया मला."

"दिवे लावले म्हून?"

"मग?"

"मी लगीन झाल्यापासनं रोज दिवा लावती," रंगूबाई फुंकणी खाली ठेवत म्हणाली, "मला कोण हात जोडतंय?"

"तुझा दिवा कोनाड्यातला, आन माझी मोटार," हंबीरराव म्हणाला. बायको अडाणी, तिला काय कळणार, असं तोंड करून तो जेवायला बसला. त्याच वेळी त्यानं नीट ऐकलं असतं, तर पुढची सगळी फजिती टळली असती. पण नवऱ्यांचे कान जेवताना बंद असतात.

दुसऱ्यांदा त्यानं ती हकीकत सांगितली स्टँडवर, पंतांसमोर. त्याला कारण घडलं होतं. पंत एक कोरी मोटार घेणार होते. ती सातारा ते सांगली धावणार होती. वडूजचा रस्ता म्हणजे धूळ, मेंढरं आणि उधारीवर बसणारे पाहुणे; सांगलीचा रस्ता म्हणजे कऱ्हाडवरून जाणारा मोठा रस्ता, गुळाचे व्यापारी, कोटवाले वकील, गुबगुबीत गाद्या. ती गाडी कुणाला द्यायची, हंबीररावाला की गुंडाला, हे पंतांनी ठरवलं नव्हतं. किंवा ठरवलं असलं तरी सांगितलं नव्हतं. हंबीररावाला ती गाडी हवी होती. मिसरातून जिवंत यायचं त्याला जेवढं हवं होतं, त्याच्या खालोखाल.

"सांगली माझी हाय," गुंडा म्हणाला. "माझी मावशी हाय तितं."

"मावशीवर गाड्या देत न्हाईत, गड्या," हंबीरराव म्हणाला. "ड्रायवरला मान पायजे. पंत, तुमी एक डाव माझ्या गाडीत बसा. घाटमाथ्यावर मी दिवे लावतो तवा बघा मागं. समदे हात जोडत्यात मला. रोज!"

गुंडानं डोळे बारीक केले. "तुला? कशापायी? पैसं परत देतोस का काय?"

पंत हंबीररावाकडं बघत म्हणाले, "येतो परवा. पुसेगावात माझं काम आहेच."

पंत आले. ते ड्रायव्हरशेजारच्या बाकावर मांडीवर छत्री आडवी घेऊन बसले. मागं नेहमीची माणसं होती. साळूबाई म्हणून पुसेगावची एक म्हातारी रोज साताऱ्यात भाजी विकून परतायची, ती आपल्या रिकाम्या पाट्यांवर बसली होती. जोतिबा शिंपी कापडाचा गठ्ठा कुशीत घेऊन पेंगत होता. हंबीररावानं त्या दिवशी घाट असा चढवला, की पंतांच्या छत्रीची काडीसुद्धा हलली नाही. माथ्यावर पाणी झालं. दिवस बुडाला. हंबीररावानं टोपी सारखी केली, मिशीवरून हात फिरवला, पंतांकडं 'आता बघा' अशा अर्थानं एक नजर टाकली आणि खटका ओढला.

काहीच झालं नाही.

त्यानं खटका आत ढकलला, पुन्हा ओढला. खाली उतरला, काचेवर थाप मारली, तारा हलवल्या, परत येऊन खटका ओढला. घाटाच्या खडखडाटात कुठंतरी तार तुटली होती, आणि ती सापडायला उजेड हवा होता; उजेड हवा म्हणून तर तार हवी होती. अंधार भरभर दाटू लागला.

"सीटखाली कंदील आहे ना?" पंत म्हणाले.

कंदील होता. रॉकेल रेशनवर असल्यामुळं तळाला जेमतेम होतं. हंबीरराव वैतागून तारा चाचपत होता, म्हणून साळूबाईच खाली उतरली. तिनं काच वर केली, जोतिबाची काड्यापेटी घेतली आणि वात पेटवली. पिवळा मिणमिणता उजेड पडला.

आणि गाडीतल्या सगळ्यांनी हात जोडले.

हंबीररावाचा हात सवयीनं टोपीकडं गेला. अर्ध्या वाटेत तो थांबला. माणसांची तोंडं त्याच्याकडं नव्हतीच. तो गाडीच्या डाव्या अंगाला उभा होता आणि सगळे हात जोडून बघत होते उजव्या अंगाला, साळूबाईकडं. शेजारच्या बाकावर पंतसुद्धा छत्री बगलेत धरून हात जोडून बसले होते.

इथं हंबीरराव गप्प बसला असता, तर गोष्ट त्याच्या पोटातच राहिली असती. पण त्याला एकदम राग आला. घाट चढवला त्यानं, गाडी त्याची, लढाईवर गेला तो; आणि मान ह्या भाजीवालीला! त्यानं मोठ्यानं विचारलं, "आवं, हिला कशापायी हात जोडताय?"

"मला?" साळूबाई चकित झाली. "मला कशाला जोडत्याल, बाबा? दिव्याला जोडत्यात. तिन्हीसांजेचा दिवा लागला की जोडू नये व्हय? तुमी न्हाई का, रोज बत्ती लावली की टोपीला हात लावून दिव्याला सलाम करत?"

हंबीररावानं तोंड उघडलं. जोतिबा शिंप्याची झोप उडाली होती. त्यानं हंबीररावाचं उघडं तोंड पाहिलं, अर्धवट उचललेला हात पाहिला, आणि त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

"म्हंजे... ड्रायवरसायब," तो म्हणाला, "इतकं दिस तुमास्नी वाटलं, का आमी तुमाला..."

पुढचं वाक्य हसण्यात बुडालं. मागच्या बाकावर कुणीतरी ते समजून घेतलं, त्यानं शेजाऱ्याला सांगितलं, आणि गाडी चालू नसताना हादरू लागली. साळूबाईनं जोतिबाच्या बरगडीत कोपर खुपसलं. "गप रं! दात काढतोय मेला!"

पंत हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत घातला; आणि तेवढ्या वेळात आपला ड्रायव्हर त्यांना आरपार दिसला, हे हंबीररावाला अंधारातही कळलं. 'समदे हात जोडत्यात मला. रोज!' आपलेच शब्द त्याच्या कानात गुंडाच्या आवाजात वाजू लागले. एवढे महिने, एवढ्या संध्याकाळी, किती थाटानं आपण ते हात स्वीकारले! एकदा तर आरशात बघून 'असू द्या, असू द्या' असंही पुटपुटलो होतो. ते आठवल्यावर त्याला मिसरातलं एखादं विमान आत्ता वरून आलं तर बरं, असं वाटलं. त्यानं वर पाहिलं. विमान नव्हतं. चांदण्या होत्या, आणि त्याही मिचकावत होत्या.

पुसेगावपर्यंत गाडी कंदिलाच्या उजेडात गेली. हसल्याचं प्रायश्चित्त म्हणून जोतिबा पुढच्या मडगार्डवर कंदील धरून बसला. हंबीररावानं गाडी पावलापावलानं नेली. प्रत्येक खड्डा ओळखून, प्रत्येक वळण चाचपून. पंत उतरताना एवढंच म्हणाले, "तार बघून घ्या."

दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या स्टँडवर गुंडा त्याला पाहताच टोपीला हात लावून ताठ उभा राहिला. ते हंबीररावानं गिळलं. हसणं सोसता येतं. पुढं जे झालं ते सोसण्यासारखं नव्हतं.

साळूबाईला रात्रभर चुटपुट लागली होती. तिनं गाडीतल्या नेहमीच्या माणसांना गोळा करून सांगितलं होतं, "त्येला लय लागलंय मनाला. पोरगं लढाईवरनं आलंय. आपलं काय जातंय? आजपासनं दिव्याला हात जोडले की त्येलाबी हात जोडून राम राम घालायचा."

घाटमाथ्यावर हंबीररावानं खाली मान घालायची ती वर घालून खटका ओढला. दिवे लागले. मागून आधी नेहमीसारखी शांतता, आणि मग एका सुरात आवाज आला, "राम राम, ड्रायवरसायब!" त्यानं आरशात पाहिलं. सगळी गाडी ह्या वेळी खरोखर त्याच्याकडं हात जोडून बघत होती. साळूबाई सर्वांत पुढं, कौतुकानं मान हलवत. जोतिबाचे ओठ हसू दाबून पांढरे पडले होते.

काही वेळा माणसं इतकी चांगली वागतात, की पळून जावंसं वाटतं. हंबीररावाचे कान भट्टीतल्या लोखंडासारखे तापले. त्यानं आरसा फिरवून टपाकडं केला. पण आवाजाला आरसा लागत नाही. रोज दिवे लागले की मागून राम राम येई. आणि कुणी नवखा प्रवासी 'हे काय?' म्हणून विचारी, तेव्हा त्याला सगळी हकीकत कुजबुजत सांगितली जाई. ती कुजबूज इंजिनाच्या आवाजातूनही हंबीररावाला शब्दन् शब्द ऐकू येई.

मग त्यानं एक युक्ती काढली. दिवे लावले तर राम राम होणार. न लावले तर कसा होईल? पहिल्या दिवशी त्यानं माथा ओलांडून थोडं पुढं गेल्यावर दिवे लावले. दुसऱ्या दिवशी त्याहून पुढं. अंधारात गाडी हाकायची सवय त्याला होतीच. डोळे ताणले की रस्ता पांढुरका दिसे. मागं माणसं हात अर्धवट वर धरून ताटकळत बसायची. "तार तुटली व्हय पुन्यांदा?" असं कुणीतरी विचारायचं. तो ऐकू न आल्यासारखं करायचा. एकेका संध्याकाळी तो पुसेगावच्या शिवेपर्यंत तसाच जाऊ लागला. बैलांचे डोळे सांभाळणारा हा माणूस आपली लाज सांभाळायला गाडीभर माणसं अंधारातून नेऊ लागला, आणि आपण काही वावगं करतोय हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. लाजेनं माणसाचं डोकं अहंकारापेक्षाही लवकर फिरतं.

एका संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. रस्ता नेहमीएवढा पांढुरका दिसत नव्हता. हंबीररावाच्या मनात मात्र एकच हिशेब चालला होता, पुढच्या ओढ्यापर्यंत तरी नको. तेवढ्यात समोरचा रस्ता हलला.

रस्ता नव्हता तो. मेंढरं होती.

त्यानं ब्रेकवर सगळं अंग टाकलं. गाडी किंचाळत, तिरपी होत थांबली. मागं पाट्या, माणसं, कोंबड्या एकमेकांवर आदळल्या. पुढं मडगार्डपाशी काहीतरी मऊ धप्प वाजलं. हंबीररावाचा हात आपोआप खटक्याकडं गेला. उजेडात दिसलं, ते असं : रस्ताभर बावरलेली मेंढरं, पुढच्या चाकाजवळ आडवं पडलेलं एक कोकरू, आणि चाकापासून हातभर अंतरावर दोन्ही हात पसरून उभा असलेला त्यांचा धनगर, धुळा.

त्या दिवशी दिवे लागल्यावर कुणी राम राम केला नाही. कुणी हातही जोडले नाहीत.

हंबीरराव खाली उतरला. धुळानं कोकरू उचललं. त्याचा पुढचा पाय लोंबत होता.

"दिवे दिल्यात न्हवं गाडीला?" धुळा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तो कापत होता. "का वरातीला लावायला ठेवल्यात? मला वाटलं गाडी लांब हाय. उजेड न्हाई तर गाडी न्हाई, आसंच समजनार न्हवं मानूस?"

मिसरात दिवे लावले असते तर माणसं मेली असती. इथं न लावल्यामुळं मेली असती, आणि तीही का, तर हंबीररावाला दोन शब्दांचा राम राम ऐकायचा नव्हता म्हणून. त्यानं डोक्यावरची खाकी टोपी काढली, गळ्यातला रुमाल फाडला आणि फौजेत शिकवल्याप्रमाणं दोन काटक्या लावून कोकराचा पाय बांधला.

साळूबाई कपाळावरचं टेंगूळ दाबत जवळ आली. तिनं बांधलेला पाय पाहिला, हंबीररावाकडं पाहिलं.

"दिवे मुद्दाम लावत न्हवतासा न्हवं तुमी?"

हंबीरराव आभाळाकडं बघू लागला.

"आमच्या राम रामाची लाज वाटायची म्हून?"

त्याची मान आणखी वर गेली.

"आवं, मग तोंडानं सांगायचं, की म्हातारे, गप बस म्हून! मी काय ऐकलं नसतं? तुमची लाज एवढी मोठी, का तिच्यापायी आमी समदी चाकाखाली जायाचं?"

तेव्हा पहिल्यांदा हंबीररावानं खाली पाहिलं. गाडी उभी होती, त्यामुळं खाली बघायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पंतांच्या घरी गेला. पंत ओसरीवर सुपारी कातरत होते. हंबीररावानं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. कोकरू, धुळा, आणि दिवे का लावले नव्हते तेही.

"सांगलीची गाडी गुंडाला द्या, पंत. मी त्या लायकीचा न्हाई."

पंतांनी अडकित्ता खाली ठेवला.

"सांगलीच्या रस्त्याला संध्याकाळी गुळाच्या बैलगाड्यांची रांग लागते," ते म्हणाले. "निम्मे गाडीवान झोपलेले असतात. बैल बुजवणारा ड्रायव्हर मला तिथं नको होता. म्हणून ती गाडी मी तुम्हालाच द्यायची ठरवली होती."

"कवा?"

"कंदिलाच्या दिवशी. पुसेगावपर्यंत तुम्ही गाडी जशी आणलीत, ते बघून."

हंबीररावानं ओसरीच्या छताकडं पाहिलं. तिथं एक पाल होती. तीही त्याच्याकडं बघत होती. म्हणजे जी फजिती झाल्यामुळं सगळं गेलं असं तो समजत होता, तिच्यात काहीच गेलं नव्हतं. गेलं ते त्यानंतर, त्यानं स्वतःच्या हातानं घालवलं होतं.

"आता नाही देता येणार," पंत म्हणाले. "वडूजची गाडी चालवा. आणि दिवे वेळेवर लावा. कुणी हात जोडो, नाहीतर जोडे मारो."

सांगलीची कोरी गाडी गुंडाला मिळाली, ती अशा अटीवर, की बैलगाडीसमोर दिवे मालवायचे, आणि एक जरी तक्रार आली तरी पुन्हा क्लीनर. गुंडा मालवतो, असं ऐकण्यात होतं. मात्र सांगलीची कोटवाली मंडळी दिवे लागल्यावर हात जोडतात आणि लगेच 'अहो, किती उशीर!' म्हणून ओरडतात, अशी त्याची कुरकूर असे.

वडूजच्या गाडीत हंबीररावानं आरसा पुन्हा सरळ केला. सूर्य डोंगराआड गेला, की तो माथ्याची वाट न बघता, असेल तिथं, खटका ओढायचा. साळूबाईनं राम राम बंद करवला होता. माणसं नुसती दिव्याला हात जोडायची. हंबीरराव दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघायचा. आरशात त्याचे कान दिसत, तेवढे लाल होत. धुळा रस्त्याकडेला भेटला तर तो गाडी थांबवून कोकराचा पाय बघायचा. कोकरू मोठं झालं, पण जरासं लंगडतच राहिलं, आणि मोटारीचा आवाज आला की ते सगळ्यांच्या आधी शेतात पळायचं.

एकदा गाडी दुरुस्तीला गेली, म्हणून हंबीरराव संध्याकाळी घरी होता. अशी तिन्हीसांज त्याला घरात क्वचितच मिळे. रंगूबाईनं वात सारखी केली, दिवा लावला, कोनाड्यात ठेवला आणि पदराचं टोक सावरत चुलीकडं वळली. कोनाड्यातला उजेड तिच्या एका गालावर पडला होता. हंबीरराव भिंतीला टेकून बसला होता. त्यानं हात जोडले.

रंगूबाईनं पाहिलं. दिवा कोनाड्यात होता, आणि नवऱ्याचे हात भलतीकडंच वळले होते.

"आवं, दिवा तिकडं हाय," ती म्हणाली. "कुणाला जोडताय?"

"दिव्यालाच की," हंबीरराव म्हणाला आणि आढ्याकडं बघू लागला.